मुंगी, पिंगा आणि तेजी

गाड्यांच्या शोरूममध्ये लोक गोड घेऊन जातात ते गाडी घरी न्यायच्या दिवशी. ज्योत्स्ना बोरस्ते पहिल्याच दिवशी केक घेऊन गेली. दोन मजली केक, पांढरं क्रीम आणि वर एकच चेरी. खोकं नवऱ्याच्या, दिनकररावांच्या हातात होतं. समोर आलेल्या विक्रेत्या मुलीचे डोळे चमकलेले पाहून ते घाईघाईने म्हणाले, "हा तुमच्यासाठी नाही हं. हा गाडीत बसायला आलाय."

मुलीचं नाव नाझनीन पिंजारी. गाडी घ्यायला कुत्री, मांजरं, एकदा तर कुंडीतली तुळस घेऊन आलेली माणसंही तिने पाहिली होती. तिने शांतपणे विचारलं, "काकू, मागच्या सीटवर ठेवू की डिकीत?"

"आधी डिकीत," ज्योत्स्ना म्हणाली. "तिथे टिकला तरच पुढचं बोलू."

गाडी बदलणं भागच होतं. येत्या गुढीपाडव्यापासून नाशिकच्या आतल्या भागात पेट्रोलच्या गाड्यांना बंदी येणार होती आणि ज्योत्स्नाचं केकचं दुकान नेमकं कॉलेज रोडला. पंचवटी, सातपूर, इंदिरानगर, जिथून ऑर्डर येईल तिथे केक ती स्वतः गाडीने पोचवायची. दुसऱ्या कोणाच्या हातात केक देणं म्हणजे ताप आलेलं लेकरू शेजाऱ्याकडे टाकून सिनेमाला जाणं, असं तिचं मत होतं.

छोटी, गल्लीबोळातून निघणारी गाडी हवी, यावर घरात एकमत होतं. पुढे मात्र तीन माणसांची तीन तोंडं तीन दिशांना. दिनकरराव वीज कंपनीतून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी 'मुंगी' हेरून ठेवली होती. अंगाने अरुंद, दिसायला साबणाच्या वडीसारखी, पण एका चार्जिंगवर आठवडाभर पळणारी आणि कुठल्याही गॅरेजात दुरुस्त होणारी. मुलगी ऋजुता दुकानाच्या ऑर्डरी आणि फोटो सांभाळायची. तिला 'पिंगा' हवी होती. पिंगाच्या पत्र्यावर असा लेप होता की बोटाने सांगाल तो रंग यायचा, दारांवर दुकानाचं नाव झळकायचं, आणि शहरात ती आपली आपण चालायची. आणि ज्योत्स्नाची अट एवढीच होती की आपल्याखाली रस्ता आहे हे केकला कळता कामा नये. तिसऱ्या गाडीचं, 'तेजी'चं, नाव कुणीतरी तिला सुचवलं होतं. छोट्या गाड्यांत सगळ्यात चपळ, सगळ्यात तयार.

मुंगीत त्र्यंबक नाक्याच्या गतिरोधकावर केकच्या खालच्या मजल्याला तडा गेला.

"एवढासा तर आहे," दिनकरराव म्हणाले. "क्रीम लावलं की दिसणारही नाही."

"नवरीच्या बापाला सांगा तसं," ज्योत्स्ना म्हणाली. तिने पर्समधून क्रीमची डबी आणि ते पसरायचं पातं काढून तिथेच तडा बुजवला.

पिंगा निघाली ती नव्या सुनेसारखी. प्रत्येक स्कूटरला वाट देत, प्रत्येक कुत्र्यापुढे थबकत. तडा वाढला नाही, पण इतक्या वेळा थांबून चालू झाल्यामुळे वरचा मजला जरासा पुढे सरकला. सोबत आलेली ऋजुता मात्र खूश होती. तिने गाडीचा रंग आंबा, जांभूळ, मोरपंखी असा बदलत व्हिडिओ काढला आणि दुकानात ऑर्डर आली म्हणून तिथूनच रिक्षा करून निघून गेली.

तिसऱ्या गाडीपर्यंत दिनकररावांचे पाय दुखायला लागले होते. "तू ये जाऊन," ते सोफ्यावर टेकत म्हणाले. "मी चहा घेतो."

"मी येऊ का काकू?" नाझनीनने विचारलं. "यायलाच पाहिजे असं नाही. काही चुकलं तर गाडी आपोआप कडेला थांबते."

"मग एकटीच जाते. बऱ्याच दिवसांत एकटीने नुसतं फिरायला म्हणून गाडी चालवलेली नाही."

तेजीची चारही चाकं वेगवेगळ्या मोटरींवर चालायची. पुढचा खड्डा गाडीला आधीच दिसायचा आणि चाक त्यावर आदळायच्या ऐवजी अलगद उचललं जायचं. गंगापूर रोडवर आल्यावर ज्योत्स्नाने पाय जरा दाबला, तर गाडी अशी सुटली की ती एकटीच मोठ्याने हसली. पुढे ट्रॅक्टर आडवा आला तेव्हा एका वळशात ती त्याच्या बाजूने निघालीही. सोमेश्वरच्या वळणावर झाडाखाली तिने गाडी उभी केली, डिकी उघडून पाहिली. चेरीसुद्धा हललेली नव्हती.

ठरलं, असं मनाशी म्हणत ती परत स्टिअरिंगवर बसली, तेव्हा पडद्यावर अक्षरं आली.

'तुम्ही गाडीत एकट्या आहात. तुमच्या हाताबद्दल एक गोष्ट सांगायची आहे. ऐकाल का?'

खाली दोन खुणा होत्या. 'हो' आणि 'आत्ता नको'.

जुन्या गाड्यांत स्टिअरिंगपासून चाकापर्यंत लोखंडी दांडा असायचा. तेजीत तो नव्हता. हाताची हालचाल विजेच्या संदेशाने चाकांकडे जायची, आणि म्हणूनच कुठली हालचाल मनापासूनची आणि कुठली उगाचची हे गाडीला ओळखावं लागायचं. माणूस वळण घेतो तेव्हा त्याचे हात सावकाश फिरतात. शिंक, खड्ड्याचा धक्का किंवा थंडीची हुडहुडी यांची हालचाल वेगळी, पुष्कळ भरभर होणारी. दोन्हींची लय वेगळी असल्यामुळे त्या वेगळ्या करता येतात. मैदा चाळताना बारीक पीठ खाली पडतं आणि जाड भरडा वर राहतो, तसंच. गाडी हवं ते चाकांकडे सोडायची, नको ते चाळणीत अडवायची.

पण चाळणीत काय उरलं तेही कधीकधी बघावं लागतं. या गाड्या बाजारात आल्यावर दोन-तीन वर्षांतच मेंदूच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की काही चालकांच्या बाबतीत तिथे एक ठरावीक लयीची थरथर सापडते. सेकंदाला पाचेक वेळा, स्टिअरिंगवर हात नुसता टेकलेला असताना, आणि बहुतेक एकाच हाताची. कंपवाताची, म्हणजे पार्किन्सनची, ती पहिली चाहूल असते, माणसाला स्वतःला जाणवण्याच्या कितीतरी आधीची. मग कायदा झाला. गाडीला हे कळलं तर तिने सांगायचं, पण फक्त त्या माणसाला, तो एकटा असताना, आणि त्याची परवानगी घेऊन. विक्रेत्याला नाही, विमावाल्यांना नाही, घरच्यांनाही नाही. गाडी बंद केली की मजकूर पुसला जायचा.

ज्योत्स्नाने 'हो'वर बोट ठेवलं.

मजकूर मोजक्या ओळींचा होता. उजव्या हातात नियमित थरथर आढळली, हे निदान नव्हे, मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवून घ्यावं. ती तो वाचत असताना उजवा हात मांडीवर पडला होता. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. वर्षभरापासून तिच्या हातून गुलाबाच्या पाकळ्या नीट पडत नव्हत्या. म्हणून तिने गुलाब बंद केले आणि पात्याने ओढलेल्या क्रीमच्या लाटा सुरू केल्या. हल्ली अशीच फॅशन आहे, असं ती सगळ्यांना सांगायची. लोकांना लाटा आवडल्याही होत्या.

एक म्हातारी शेळ्या घेऊन गाडीच्या बाजूने गेली, तिने काचेतून आत डोकावून पाहिलं. मग ज्योत्स्नाने गाडी सुरू केली आणि शोरूमला परत आली.

"कशी आहे?" दिनकररावांनी विचारलं.

"बरी आहे. पण मला वाटतं आपण मुंगीच घेऊ."

मुंगीत जुन्यासारखा लोखंडी दांडा होता. हाताचं काय चाललंय, याची मुंगीला काही पडलेली नव्हती.

दिनकरराव त्या दिवशी खुशीत होते. वाटेत त्यांनी मुंगीचे सगळे गुण पहिल्यापासून पुन्हा सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी चहाचा कप न पिताच बाजूला सरकवला. ऋजुता समोर बसून मोबाइलवर दुकानाच्या ऑर्डरी बघत होती.

"ज्योत्स्ना, ज्या गाडीत केकला तडा गेला ती गाडी तुला का हवी?"

"तुम्हालाच हवी होती ना?"

"मला हवीच होती. पण माझं ऐकून तू पहिल्या झटक्यात कधी काय घेतलंयस? साधा मिक्सर घेताना महिनाभर भांडलीस. तेजीत काय झालं?"

ज्योत्स्नाने ओढणीखाली धरलेला उजवा हात बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला. काही क्षण तो स्थिर होता. मग अंगठा आणि पहिलं बोट आपोआप एकमेकांवर घासायला लागली. देवापुढे बसून कोणी कापसाची वात वळावी, तशी.

"गाडीने सांगितलं," ती म्हणाली. "मला माहीत होतं. म्हणजे, माहीत करून घ्यायचं नव्हतं."

दिनकररावांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. ऋजुताने मोबाइल पालथा ठेवला होता आणि तिचे डोळे भरले होते, पण तोंडातून निघाला तो राग. "वर्षभर मला फॅशन म्हणून सांगत होतीस! मम्मी, मी ती फॅशन लोकांना विकली! आपले व्हिडिओ बघणाऱ्या दहा हजार बायकांना लाटा कशा काढायच्या ते शिकवलं!"

हे ऐकून ज्योत्स्नाला हसू फुटलं आणि मग तिघंही रडत रडत हसले.

डॉक्टर निकमबाईंनी आधी तिला एका कागदावर स्वतःचं नाव आणि पत्ता लिहायला सांगितला. ओळ पुढे जाईल तशी अक्षरं बारीक होत गेली. "केकवरची नावंही अशीच होतात का?" त्यांनी विचारलं.

"हो. 'शुभेच्छा'तला 'शु' एवढा मोठा आणि 'च्छा' शोधावा लागतो."

तपासण्या झाल्या. गाडीने सांगितलं होतं ते खरं होतं. पण निकमबाईंचा चेहरा पडलेला नव्हता. "पूर्वी लोक माझ्याकडे यायचे तेव्हा मेंदूतल्या हालचाल सांभाळणाऱ्या पेशी निम्म्याहून अधिक गेलेल्या असायच्या. मग आम्ही करणार काय? तुम्ही पुष्कळ आधी आला आहात. आता जी औषधं आहेत ती लवकर सुरू केली तर हे इतकं सावकाश पुढे सरकतं, की तुम्ही त्याच्या आधी म्हाताऱ्या व्हाल. चाला, हात वापरा, काम सोडू नका."

"आणि गाडी?" हे दिनकररावांनी विचारलं.

"चालवू देत. थरथर चाळून टाकणारी गाडी असेल तर उत्तम. पण एक लक्षात ठेवा, ती चाळणी फक्त थरथर काढते. समोर काही आल्यावर ब्रेकवर पाय जायला किती वेळ लागतो, ते वेगळं. गाडी तेही रोज मोजते. ते वाढायला लागलं तर ती स्पष्ट सांगेल, आणि तेव्हा मात्र ऐकायचं. वर्षाला एकदा माझ्याकडेही यायचं."

ज्योत्स्नाने मान डोलावली. दिनकररावांनी डोलावली नाही.

दोन दिवसांनी नाझनीनचा फोन आला. "अभिनंदन काकू! पिंगाचं बुकिंग झालं. काकांनी सुरुवातीला मोरपंखी रंग लावून ठेवायला सांगितलाय, तुम्हाला आवडतो म्हणून."

ज्योत्स्ना ओव्हनपाशी उभी होती. तिने फोन ठेवला, ओव्हन बंद केला आणि बाहेरच्या खोलीत आली. बाप-लेक दोघंही तिथेच होते.

"मला काय झालंय ते मी सांगितलं," ती म्हणाली. "मग मी काय करायचं, हे मला कोणी विचारलं?"

"ती आपली आपण चालते," दिनकरराव म्हणाले. "तू मागे केक मांडीवर घेऊन आरामात बसायचंस. यात वाईट काय आहे?"

"वाईट काही नाही. दिसायलाही गोड आहे. पण मी आजवर आरामात बसले नाही, ते आजारी पडल्यावर बसू?"

"आणि मध्येच हात..." ते थांबले. "डॉक्टरांना काय जातंय चालवा म्हणायला? त्या बसणारेत का तुझ्या शेजारी?"

ऋजुता दोघांकडे आळीपाळीने बघत होती. "पप्पा, मी पण पिंगा म्हणत होते," ती हळूच म्हणाली, "पण ती दिसायला छान म्हणून. मम्मीला मागे बसवायला म्हणून नाही."

"मला एकदा तेजीत बसून दाखवा," ज्योत्स्ना नवऱ्याला म्हणाली. "शेजारच्या सीटवर. तेवढ्यावर तुम्ही नको म्हणालात तर मोरपंखी घेऊ. शब्द."

त्या आठवड्यात दिनकररावांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. बायको झोपली की ते तिच्या पांघरुणाबाहेरच्या हाताकडे बघत राहायचे, आणि झोपेत तो हात अगदी शांत असायचा, हे त्यांना सगळ्यात विचित्र वाटायचं. तेजीत बसले तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते. एका हाताने त्यांनी खिडकीवरची मूठ पकडली होती आणि उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबून ठेवला होता.

तेजीच्या स्टिअरिंगच्या मधोमध एक बारीक नारिंगी रेघ होती. गाडी किती थरथर चाळून काढतेय ते त्या रेघेवर दिसायचं. एरवी ती बंद असायची, हवी तर चालू करता यायची. ज्योत्स्नाने आज ती चालू केली होती.

"ही कशाला?" दिनकररावांनी विचारलं.

"माझा हात आहे. मला दिसायला नको?"

गाडी अशोकस्तंभावरून निघाली. दिनकररावांची नजर रेघेवरून हलेना. ती जरा जास्त थरथरली की त्यांच्या पायातला जोर वाढायचा. समोर सिग्नल लागला, सुटला, शाळेची मुलं रस्ता ओलांडून गेली, यातलं त्यांनी काही पाहिलं नाही.

"अहो, तुमचा रुमाल द्या."

"कशाला?"

"द्या तर."

तिने रुमाल घेऊन त्या रेघेवर टाकला. "आता माझ्या हाताकडे बघू नका. रस्त्याकडे बघा आणि गाडी कशी चाललीय ते सांगा."

मग त्यांना रस्त्याकडे बघावंच लागलं. गंगापूर रोडवर दुपारची वर्दळ कमी होती. एक दुचाकीवाला अंगावर आल्यासारखा घुसला आणि गाडी काही झालंच नाही अशी बाजूला होऊन पुढे गेली. खड्डे येत होते, पण ते फक्त दिसत होते. दिनकररावांना एक-दोनदा बोलावंसं वाटलं, पण तक्रारीला जागा सापडेना. द्राक्षांचे मळे सुरू झाले. त्यांचा हात मुठीवरून खाली आला. पाय सैल पडला.

बऱ्याच वेळात शेजारून काही बोलणं नाही, म्हणून ज्योत्स्नाने कडेला पाहिलं. दिनकररावांचं डोकं खिडकीकडे कललं होतं आणि तोंड जरासं उघडं होतं.

शोरूमला परतायचं ठरलेलं वळण आलं. तिने ते सोडून दिलं. त्यांना आता कशाने जाग येऊ नये एवढंच तिला हवं होतं. गाडी इतकी हळुवार तिने आयुष्यात चालवली नव्हती. केक असतानाही नाही. गतिरोधक, बैलगाडी, रस्त्यात पसरलेली वाळू, एकेक करत तिने सगळं अलगद पार केलं. हाताची वात वळणं चालूच होतं, रुमालाचं टोक तेवढं हलत होतं. रस्ता संपला तिथे गंगापूर धरणाचं पाणी समोर आलं. तिने गाडी उभी केली आणि खिडकी उघडली.

गार वाऱ्याने त्यांना जाग आली. "कुठे आलो?"

"धरणावर."

"मी झोपलो होतो?"

"घोरत होतात."

दिनकररावांनी डोळे चोळले. मग त्यांनी रुमाल उचलला. नारिंगी रेघ थरथरतच होती, तितकीच. रुमालाची घडी करून त्यांनी खिशात ठेवली आणि फोन काढला.

"नाझनीन, बोरस्ते बोलतोय. ते मोरपंखी रद्द करायचं बघा. हो. तेजी. रंग?" त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"पांढरा चालेल," ती म्हणाली.

"पांढरा. नाही, ऋजुताला मी समजावतो."

पाण्यावर बगळ्यांची रांग उतरली.

"एक सांगते," ज्योत्स्ना म्हणाली. "ज्या दिवशी ही गाडी नको म्हणेल, त्या दिवशी मी किल्ली टेबलावर ठेवीन. वाद घालणार नाही. तुम्हीही त्या दिवसाआधी घालायचा नाही."

"कबूल." दिनकररावांनी विचार केला. "मग त्यानंतर मी चालवीन आणि तू शेजारी झोप."

"तुमच्या गाडीत? झोप?" ती हसली. "मी डोळे मिटायची नाही कधी. तुमचा ब्रेक म्हणजे कपाळमोक्ष."

तेही हसले. मग त्यांनी सीटच्या बाजूचं बटण दाबलं, पाठ पार मागे घेतली, चष्मा काढून खिशात ठेवला आणि डोळे मिटले.

"चल," ते म्हणाले. "घर आलं की उठव."